पर्मिएट, पेनिट्रेट, पर्कोलेट, सीप… मराठीत सगळंच ‘झिरपणं’ का?

अनुवादिनी

चौदा. दोन पानांत मी ‘झिरपणे’ चौदा वेळा वापरलंय, हे तपासणाऱ्यानं दाखवेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्यानं प्रत्येक ठिकाणी लाल गोल काढला आणि खाली एवढंच लिहिलं: ‘मुळात सहा वेगळे शब्द आहेत. तुमच्याकडे एकच कसा?’

मजकूर जलरोधक लेपांच्या माहितीपुस्तिकेचा आहे. भिंतीत, छतात, तळघरात पाणी कसं येतं आणि ते कसं थांबवायचं, एवढाच विषय. पण इंग्रजी लिहिणारा भलताच काटेकोर निघाला. त्याच्याकडे पाणी काँक्रीटमध्ये अमुक मिलिमीटरपर्यंत ‘पेनिट्रेट’ होतं. लेपातून वाफ ‘पर्मिएट’ झाली पाहिजे, पाणी मात्र नाही. पावसाचं पाणी जमिनीत ‘इन्फिल्ट्रेट’ होतं, खडीच्या थरातून ‘पर्कोलेट’ होतं, सांध्यातून ‘सीप’ होतं, आणि ओलीचा कुबट वास खोलीभर ‘पर्व्हेड’ करतो. पाईप ‘लीक’ होतो तेवढा मी ‘गळतो’ केला होता, म्हणून वाचला. बाकी सगळं झिरपवलं. वाससुद्धा!

शब्दकोश पाहिले नाहीत असं नाही. पर्मिएट म्हणजे झिरपणे, आत शिरणे, व्यापणे. पेनिट्रेट म्हणजे आत शिरणे, भेदणे, व्यापणे. पर्कोलेट म्हणजे झिरपणे, पाझरणे. सीप म्हणजे पाझरणे, झिरपणे. एकानं दुसऱ्याकडे बोट दाखवायचं, दुसऱ्यानं पहिल्याकडे. आणि शब्दकोशावर डोळे झाकून विश्वास ठेवला की काय होतं ते मी एकदा भोगलंय. वाळवीपासून वाचवण्यासाठी औषध भिनवलेल्या लाकडाला इंग्रजीत ‘इम्प्रेग्नेटेड’ म्हणतात. मी लिहिलं ‘गर्भित लाकूड’. ते तसंच छापून आलं. त्यानंतर कितीतरी दिवस माझी ओळख ‘गर्भित लाकूडवाल्या बाई’ अशी करून दिली जात होती.

तर प्रश्न असा, की ज्यांचा पाण्या-मातीशी, द्रवांशी रोजचा संबंध आहे त्यांना या शब्दांत खरंच फरक जाणवतो का? की ही इंग्रजीची नुसती हौस? आणि फरक असेल तर मराठीत काय लिहू? ‘अंतःप्रवेशन’ आणि ‘पारगमन’ नको आहेत. पुस्तिका रंगारी आणि गवंडी वाचणार आहेत.

झटपट

ताई, एवढा विचार करू नका. आत जाणे, बाहेर येणे, गळणे. तीन शब्दांत पुस्तिका संपते. पाणी कसं गेलं ते वाचणाऱ्याला माहीत असतं, त्याला फक्त थांबवायचं कसं ते हवंय.

चाळणी_क्रमांक_२००

झटपटराव, तुमचं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यापायी एकदा माझा पूर्ण दिवस गेला होता आणि वर बोलणीही खाल्ली होती. ते सांगतो.

मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत होतो. आता निवृत्त. (टोपणनाव कुठून आलं असं विचारणाऱ्यांसाठी: २०० नंबरच्या चाळणीची भोकं ७५ मायक्रॉनची असतात. तिच्यातून जे खाली पडतं ते गाळ नाहीतर चिकणमाती, वर राहतं ते वाळू नाहीतर खडी. निम्मं आयुष्य तिला हलवण्यात गेलं.)

चिकणमातीतून पाणी किती हळू जातं हे मोजायला एक साधं उपकरण असतं. धातूच्या साच्यात माती ठोकून बसवायची, वर एक अरुंद काचेची नळी, नळीत पाणी. पाणी मातीतून जाईल तसतशी नळीतली पातळी उतरते. पातळी किती वेळात किती उतरली, यावरून मातीची पर्मिएबिलिटी काढायची. चांगल्या चिकणमातीला घाई नसते. संध्याकाळी खूण करून घरी गेलं तर सकाळी पातळी जेमतेम हललेली असते.

एकदा सकाळी येऊन बघतो तर नळी जवळजवळ रिकामी. मी उत्साहात आकडा काढला आणि वहीत लिहूनही टाकला. साहेबांनी वही बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘ही माती आहे की वाळू? रंग घाल.’ नळीत रंगीत पाणी भरलं, ते उतरू दिलं, मग साचा उघडून नमुना मधोमध कापला. आतली माती जशीच्या तशी करडी. रंग फक्त कडेला, साच्याच्या भिंतीला लागून, बांगडीसारखा गोल. पाणी मातीतून गेलंच नव्हतं. माती आणि साचा यांच्यामधल्या फटीतून सटकलं होतं.

आता झटपटरावांच्या भाषेत दोन्ही ‘आत जाणे’च. वरून पाणी गेलं, खालून पाणी आलं. पण एकाला पर्मिएट म्हणतात आणि दुसऱ्याला लीक. पर्मिएट म्हणजे पदार्थाच्या अंगातून जाणं, पदार्थाचा स्वभावच तसा आहे म्हणून. लीक म्हणजे जिथे वाट असायला नको होती तिथे वाट सापडणं. लीकमध्ये कुणाची तरी चूक असते. त्या दिवशी माझी होती.

अनुवादिनीताई, तुमच्या सहा शब्दांना मी एकच प्रश्न विचारून बघतो: हे मोजतात कशात? अर्थात अडकलं की मोजपट्टीकडे बघावं, असा आपला धंद्यातला खाक्या.

पेनिट्रेशन मोजतात मिलिमीटरमध्ये. काँक्रीटची एक चाचणी आहे, युरोपीय मानकातली. ठोकळ्याच्या एका बाजूवर ५०० किलोपास्कल दाबानं पाणी ७२ तास लावून ठेवायचं, मग ठोकळा यंत्राखाली उभा चिरायचा. चिरलेल्या तोंडावर ओल काळपट दिसते, बाकीचं फिकट. ओलीची सीमा वाळून पुसट व्हायच्या आत मार्करनं रेघ मारायची आणि पृष्ठभागापासून सर्वांत खोल कुठपर्यंत गेली ते पट्टीनं मोजायचं. उत्तर येतं ‘इतके मिलिमीटर’. म्हणजे पेनिट्रेटमध्ये खोली आहे. आत घुसणं आहे, बहुतेक वेळा जोर लावून. पलीकडे निघालंच पाहिजे असं मुळीच नाही.

पर्मिएबिलिटी मोजतात वेगात. इथे पलीकडे निघणंच महत्त्वाचं. आँरी दार्सी नावाच्या फ्रेंच अभियंत्यानं १८५६ मध्ये दिजाँ शहराच्या पाण्यावरच्या ग्रंथात वाळूतून पाणी जाण्याचे प्रयोग मांडले, तेव्हापासून आम्ही सगळे त्याचंच सूत्र वापरतो. फरक किती पडतो ते सांगतो. एक चौरस मीटरचा तुकडा घ्या, पाण्याची उंची आणि थराची जाडी सारखी धरा. धुतलेल्या स्वच्छ खडीतून सेकंदाला १० लिटर पाणी सहज जाईल. घट्ट चिकणमातीतून दिवसभरात ८६ मिलिलिटर. चहाचा कपही भरणार नाही.

आणि गंमत ही, की चिकणमातीत पोकळी खडीपेक्षा जास्त असते! निम्मी जागासुद्धा रिकामी असू शकते. पण त्या पोकळ्या इतक्या बारीक, की पाणी कणांना धरून बसतं. म्हणून पोरस आणि पर्मिएबल हे एक नव्हेत. छिद्रं असणं वेगळं आणि जाऊ देणं वेगळं. हे भले भले लोक चुकतात, तुमच्या पुस्तिकेतही बघून घ्या.

पर्कोलेशन मोजतात मिनिटांत. सेप्टिक टाकीचं पाणी जमिनीत सोडायचं असलं की आधी खड्डा खणून, तो भिजवून, पुन्हा पाणी भरतात आणि पातळी ठरावीक अंतर उतरायला किती मिनिटं लागली ते लिहितात. पर्कोलेट म्हणजे कणाकणांच्या मधून, वजनानं, खाली खाली उतरणं.

इन्फिल्ट्रेशन मोजतात तासाला किती मिलिमीटर, म्हणजे पावसाच्याच मापात. कारण तो प्रश्नच पावसाचा आहे: पडलेल्यापैकी किती जमिनीनं घेतलं आणि किती वरून वाहून गेलं? पृष्ठभाग ओलांडून आत जाणं, बस. पुढे त्याचं काय झालं ते इन्फिल्ट्रेशन विचारत नाही.

सीपेज मोजतात बादलीनं. म्हणजे दिवसाला किती लिटर बाहेर आलं. मातीच्या धरणाच्या खालच्या बाजूला पाणी निघतं ते चरात गोळा करून मोजतात. तेवढं निघणार हे धरून चाललेलं असतं, अचानक वाढलं किंवा गढूळ आलं तर मात्र झोप उडते.

पर्व्हेड मोजतच नाहीत. त्याला मोजपट्टी लागत नाही, नाक लागतं.

आता मराठी. एकच थेंब घ्या. तो जमिनीवर पडतो आणि *जिरतो*. मग मातीतून खाली *झिरपतो*. आणि कधीतरी उताराला, भिंतीला, दरडीला *पाझरतो*. इन्फिल्ट्रेट, पर्कोलेट, सीप. झाले की नाही तीन? आपल्याकडे शब्द नाहीत असं नाही हो, आपण तिन्ही एकाच बरणीत भरून ठेवलेत.

वाटत नसेल तर म्हणी आठवा. दगडाला पाझर फुटतो, तो बाहेर दिसतो म्हणूनच ना? डोळे पाझरतात, बाहेरच. आणि एखाद्याची खोड जिरवतात तेव्हा ती त्याच्या आतच नाहीशी होते, कुठून बाहेर येत नाही. जिरलेलं दिसेनासं होतं, पाझरलेलं दिसायला लागतं.

धातुसाधित

काकांची मोजपट्टी आवडली. मी व्युत्पत्तीवाला आहे, तेव्हा माझी पट्टी लॅटिन.

पर्मिएट, पर्कोलेट, पर्व्हेड या तिघांच्या आरंभी ‘पर’ आहे. तो लॅटिनमधला, अर्थ ‘मधून, आरपार’. पुढचा भाग कसं गेलं ते सांगतो. पर्मिएटमध्ये ‘मेआरे’, म्हणजे नुसतं जाणं. पर्व्हेडमध्ये ‘वादेरे’, चालत जाणं. इन्व्हेडमध्ये तोच आहे. पर्कोलेटमध्ये ‘कोलारे’, गाळणं. ‘कोलुम’ म्हणजे गाळणी. परफोरेटमध्ये ‘फोरारे’, भोक पाडणं. आणि घाम येण्याला जो सभ्य शब्द आहे, पर्स्पायर, त्याचा मूळ अर्थ ‘आरपार श्वास घेणं’. त्वचेतून श्वास!

पेनिट्रेट मात्र या कुटुंबातला नाही. कानाला तसाच लागतो म्हणून फसायला होतं. त्यात ‘पर’ नाहीच. त्याचं नातं ‘पेनितुस’शी, म्हणजे ‘अगदी आत’. रोमन लोकांच्या घरातल्या आतल्या देवांना पेनातेस म्हणत, ते याच घराण्यातले. म्हणजे काका ठोकळा चिरून जे सांगतायत ते शब्दाच्या पोटात आधीपासून आहे: पर्मिएटमध्ये ‘आरपार’, पेनिट्रेटमध्ये ‘आत’.

इन्फिल्ट्रेटमधला फिल्टर हा मुळात फेल्ट, म्हणजे आपला नमदा. लोकरीच्या जाड नमद्यातून द्रव गाळत, त्यावरून गाळणीलाच ते नाव पडलं. शत्रूच्या गोटात माणसं एकेक करून शिरतात त्याला इन्फिल्ट्रेशन का म्हणतात, ते नमद्याकडे बघितलं की कळतं. फौज भिंत फोडून येते, हे धाग्याधाग्यांतून येतात.

एक घरचंच उदाहरण देतो. एक्झ्यूड म्हणजे पृष्ठभागावर पाझरणं, बाहेर येणं. त्यातला ‘सुदारे’ म्हणजे घाम येणं. तो, इंग्रजीचा स्वेट आणि संस्कृतचा स्वेद ही एकाच धातूची तीन पोरं. इंग्रजी झाड डिंक एक्झ्यूड करतं म्हणजे खरं तर त्याला डिंकाचा घाम येतो.

व्याकरणाचं थोडकं. इंग्रजीत पाणी भिंतीला पर्मिएट करतं, पेनिट्रेट करतं. दोन्ही सकर्मक चालतात. सीप मात्र अकर्मक. पाणी भिंतीला सीप करत नाही, भिंतीतून सीप होतं. लीक दोन्ही बाजूंनी चालतो, पाणीही लीक होतं आणि पाईपही. आणि बघा, मराठीत हीच सोय ‘गळणे’त आहे: पाणी गळतं, छप्परही गळतं. पण ‘झिरपणे’ला ती नाही. भिंतीतून पाणी झिरपतं, भिंत झिरपत नाही.

झटपट

हरकत आहे. काका म्हणतात पर्कोलेट म्हणजे झिरपणे आणि सीप म्हणजे पाझरणे. मग पर्कोलेशन टँकला ‘पाझर तलाव’ का म्हणतात? सरकारी कागदापासून शाळेच्या पुस्तकापर्यंत तोच शब्द आहे. झिरप तलाव कुणी म्हटलेला ऐकला नाही.

चाळणी_क्रमांक_२००

पकडलंत! माझी वाटणी तिथे खरोखर मोडते. मला वाटतं इंग्रजी नाव तळ्याच्या बुडाशी काय होतं त्यावरून आहे आणि मराठी नाव खालच्या विहिरीत काय दिसतं त्यावरून. इंग्रज अभियंता तळ्यावर उभा राहून बोलतोय, मराठी शेतकरी विहिरीच्या काठावर. हा माझा तर्क, सिद्ध करून मागू नका. पण रूढ झालेला शब्द रूढच ठेवायचा. पाझर तलावाला हात लावायचा नाही.

रात्रपाळी

मी नर्स आहे. आमच्याकडे या शब्दांची चूक झाली तर लाल गोल मिळत नाही, पेशंटचा हात सुजतो.

सलाईनची सुई शिरेतून निसटली की पाणी शिरेत न जाता आजूबाजूच्या मांसात जातं. हात फुगतो, गार लागतो, कातडी ताणून चकचकीत दिसते. याला आम्ही इन्फिल्ट्रेशन म्हणतो. तेच औषध जर पेशी जाळणारं असेल तर नाव बदलतं, एक्स्ट्राव्हजेशन. तो फरक नोंदवहीत अचूक लिहावा लागतो, कारण पुढचे उपचार वेगळे. धातुसाधित यांचा नमदा वाचून पटलं. सुजलेल्या हातात पाणी एका जागी डबक्यासारखं साचत नाही, धाग्याधाग्यांत शिरलेलं असतं. बोटानं दाबलं की खळगा पडतो आणि थोडा वेळ तसाच राहतो.

पेनिट्रेटबद्दल काका म्हणतात तेच जखमांनाही लागू आहे. डोळ्याला इजा झाली आणि वस्तू आत शिरली पण दुसरीकडून बाहेर पडली नाही, तर ती पेनिट्रेटिंग इजा. एकीकडून शिरून दुसरीकडून बाहेर पडली तर परफोरेटिंग. एक भोक की दोन, एवढाच प्रश्न. (आणि तरी बुबुळाचा पारदर्शक पडदा पूर्ण जाडीचा बदलतात त्या शस्त्रक्रियेला पेनिट्रेटिंग केराटोप्लास्टी म्हणतात. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, नावं आमच्या आधीच्यांनी ठेवली.)

आणखी दोन शब्द, जे मी वर्षानुवर्षं पाठ केले आणि अर्थ आज कळला. फुफ्फुसाभोवती पाणी झालं की ते काढून तपासायला पाठवतात: ट्रान्स्युडेट की एक्झ्युडेट? पहिलं म्हणजे दाबाचं गणित बिघडल्यामुळे धड असलेल्या केशवाहिन्यांतून आलेलं पातळ पाणी, प्रथिनं कमी. हृदय थकलेलं असलं की होतं. दुसरं म्हणजे सूज किंवा जंतुसंसर्गानं वाहिन्याच सैल झाल्यात, म्हणून प्रथिनांसकट बाहेर पडलेलं. दोन्हींत घामच आहे हे आज समजलं.

‘ऊझ’ कुणी घेतलाच नाही. ड्रेसिंग उघडल्यावर जखमेतून जे हळूहळू, दाट, थांबून थांबून येतं ते ऊझ. रक्त भळाभळा आलं तर कुणी ऊझ म्हणत नाही. मराठीत आम्ही ‘जखम वाहतेय’ म्हणतो, पण ते जास्त वाटतं. ‘जखम पाझरतेय’ बरोबर बसतं.

फुगेवाला

पर्मिएटचं एक उदाहरण राहिलं, ज्यात छिद्रच नाही.

हेलियमचा रबरी फुगा रात्री छताला टेकलेला असतो, सकाळी जमिनीवर मलूल पडलेला. गाठ घट्ट, भोक कुठे नाही, पाण्यात बुडवून बघितला तरी बुडबुडा नाही. मग हेलियम गेला कुठे? तो रबरात विरघळला, रबराच्या लांबलचक रेणूंमधून भटकत भटकत बाहेरच्या बाजूला पोचला आणि हवेत निघून गेला. विरघळणं, विसरण (म्हणजे रेणूंमधून पसरत जाणं), बाहेर पडणं. हे तिन्ही मिळून पर्मिएशन. धातूचा मुलामा दिलेल्या चकचकीत फुग्यात हाच हेलियम कितीतरी जास्त दिवस टिकतो, कारण मुलाम्यातून वाट जवळजवळ बंद.

तुम्ही म्हणाल, अणू बारीक म्हणून निसटला. मग हे बघा: कार्बन डायऑक्साइडचा रेणू हेलियमच्या अणूपेक्षा ११ पट जड, आकारानंही मोठा. तरी नैसर्गिक रबरातून तो हेलियमपेक्षा जास्त वेगानं बाहेर पडतो! कारण रबरात तो जास्त सहज विरघळतो. भोकातून जाण्याचा प्रश्न असता तर असं होणं शक्यच नव्हतं. म्हणून ‘पर्मिएट’साठी ‘छिद्रातून जाणे’ असं कुठेही लिहू नका.

आणि काकांच्या पर्कोलेशनला गणितातही जागा मिळालीय. १९५७ मध्ये ब्रॉडबेंट आणि हॅमर्सली या दोघांनी पर्कोलेशनचा सिद्धांत मांडला. त्यातल्या ब्रॉडबेंटचं काम खाणकामगारांच्या वायुरोधक मुखवट्यांवर होतं. मुखवट्यातल्या कोळशाच्या कणांत वेडीवाकडी छिद्रं असतात. वायू त्यातून किती आत जाईल? सोपं करून सांगायचं तर खूप मोठा चौकटींचा कागद घ्या, एकेक चौकट नाणं उडवल्यासारखी नशिबानं काळी करा. कडेला कड लागलेल्या काळ्या चौकटींवरून चालत या टोकापासून त्या टोकाला जाता येतं का? ५५ टक्के काळ्या असतील तर येत नाही. ६५ टक्के असतील तर येतं. मधे सुमारे ५९.३ टक्क्यांवर उंबरठा आहे. हळूहळू वाट वाढत जात नाही, त्या आकड्याच्या अलीकडे वाट नाही आणि पलीकडे आहे. खडीच्या थरात गाळ भरत गेला की निचरा एके दिवशी अचानक बंद पडल्यासारखा का वाटतो, त्यात याचाही हात असावा.

अनुवादिनी

मी काल रात्री सगळं वाचून पुस्तिका पुन्हा उघडली. चौदापैकी ‘झिरपणे’ आता चारच उरलेत, आणि चारही खडीच्या थरातले.

पावसाचं पाणी जमिनीत जिरतं. सांध्यातून ओल पाझरते. पाईप गळतो. वास खोलीभर ‘भरून राहतो’ केलं. ‘दरवळतो’ लिहिलं होतं, पण कुबट वास दरवळला की वाचणारा हसणार. पेनिट्रेशनच्या तक्त्यात ‘पाणी किती खोल शिरलं (मिमी)’ असं सरळ लिहिलं, आणि लिहिताना तो चिरलेला ठोकळा डोळ्यांसमोर होता. औषध भिनवलेलं लाकूड मागच्याच वेळी सुधारलं होतं, आता हिशेब पूर्ण झाला.

पर्मिएटवर मात्र अडकले आहे. विज्ञानाच्या पुस्तकांत पार्य, अपार्य, अर्धपार्य हे शब्द आहेत, पार्यता आहे. मला आवडतात. पण डब्यावर ‘बाष्पपार्य लेप’ लिहिलं तर रंगारी मला फोन करेल. ‘भिनणे’ वापरू का? अंगात विष भिनतं, म्हणजे सगळीकडे पोचतं, तो अर्थ जवळचा वाटतो.

आणि एक उत्पादन आहे, ‘पेनिट्रेटिंग सीलर’. मी ‘भेदक सीलर’ लिहिलंय. तपासणाऱ्यानं त्यावर गोल काढलेला नाही, पण मलाच ते क्षेपणास्त्रासारखं वाटतंय.

चाळणी_क्रमांक_२००

भिनणे नको. भिनलेलं आत राहतं. विष भिनतं ते बाहेर निघून गेलं तर माणूस वाचला असता. तुमच्या वाफेनं लेपात राहायचं नाहीये, भिंतीतून निघून हवेत जायचंय. ती आत अडकली तर लेपालाच फोड येतात, रंगाऱ्यानं ते पाहिलेले असतात. म्हणून लिहा: ‘भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देणारा, पण पाणी आत न येऊ देणारा लेप’. लांब आहे, चालेल. डब्यावर जागा असते.

तक्त्यात, जिथे आकडा आणि एकक येतं, तिथे ‘बाष्प पार्यता’ बिनधास्त ठेवा. तो तक्ता रंगारी वाचत नाही, अभियंता वाचतो.

आणि सीलर भेदक नाही हो. तो काहीही भेदत नाही, भिंतीनं प्यायलेला असतो. पृष्ठभागावर पापुद्रा न धरता काँक्रीटच्या आत काही मिलिमीटर जातो आणि तिथेच राहतो. तुमचा ‘भिनणे’ इथे वापरा. ‘आत भिनणारा सीलर’.

झटपट

‘मुरणारा’ का नको?

चाळणी_क्रमांक_२००

कारण ‘पाणी कुठेतरी मुरतंय’ असं पहिल्याच पानावर छापलं, तर जलरोधक लेप कोण विकत घेईल?

अनुवादिनी

‘आत भिनणारा सीलर’ केलं. पाठवते आहे. अजून एक गोल आला तर इथेच येईन.